समोरच्याचं वाक्य संपायच्या आत

रविवारी सकाळी साडेदहाला आईचा आणि मावशीचा फोन असतो. फोन डब्याला टेकवून उभा, स्पीकर चालू, आईच्या पुढ्यात निवडायची मेथी. मध्यंतरी एकदा दोघींना विचारून मी ते बोलणं रेकॉर्ड केलं आणि कॉम्प्युटरवर आवाजाच्या लाटा उघडून बघितल्या. त्यातला हा तुकडा, आई सांगतेय आणि मावशी ऐकतेय:

"मग त्या पोरीने काय केलं माहितेय का, तो डबा..."
"परत पाठवला?"
"परत पाठवला! तसाच. न उघडता."
"अगंबाई."
"हो ना. आणि वर मला म्हणते..."
"डाएट."
"डाएट!"

मावशीचा "परत" हा आईच्या "डबा"मधल्या शेवटच्या आकारावर चढलेला होता. बाकी ठिकाणी एकीची लाट संपून दुसरीची सुरू होताना मध्ये इतकी बारीक फट होती, की ती बघायला चित्र मोठं करावं लागलं. बाबांचं या फोनबद्दल जुनं मत आहे: "दोघी एकदमच बोलतात. ऐकतं कोण?"

मला वाटतं बाबा चुकतात. मावशी इतकं नीट ऐकते म्हणूनच तिला मध्ये बोलता येतं. पण हे पटवायचं तर जरा मेंदूत शिरावं लागेल.

गप्पा ही अभ्यास करण्यासारखी गोष्ट आहे हे विद्वानांना उशिराच सुचलं. 1960च्या दशकात हार्वी सॅक्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनची रेकॉर्डिंग्ज ऐकत बसायचा, एकच टेप पुन्हापुन्हा. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्याबरोबर त्याने 1974मध्ये जो निबंध लिहिला, तो या विषयाचा पाया. त्याचं सार तुम्हाला माहीतच आहे, फक्त कधी शब्दांत मांडलेलं नसेल: गप्पांमध्ये बहुतेक वेळ एकच जण बोलत असतो, बोलायची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, जाताना फारशी फट पडत नाही आणि दोघं एकदम बोललेच तर क्षणभर. हात वर करायचा नाही, अध्यक्ष नाही, घंटा नाही. निबंध आला आणि पुढच्याच वर्षी सॅक्स मोटार अपघातात गेला. वय 40.

ही फट नेमकी किती, हे नंतर मोजलं गेलं. नेदरलँड्समधल्या नायमेखनला भाषेच्या मानसशास्त्राची माक्स प्लांक संस्था आहे. तिथल्या टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये दहा भाषांमधल्या खऱ्याखुऱ्या गप्पांचे व्हिडिओ तपासले. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागतो? सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एक अक्षर उच्चारायला साधारण एवढाच वेळ जातो. जपानी लोक सगळ्यांत झटपट, त्यांची सरासरी 7 मिलिसेकंद, फट नाहीच म्हणा ना. डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण तेही अर्ध्या सेकंदाच्या आतच. मेक्सिकोतली त्सेल्ताल असो की लाओसची लाओ, सगळ्या याच टापूत. त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती याची चुटपुट लागते. आमच्या स्वयंपाकघराने जपान्यांना टक्कर दिली असती.

आता गंमत बघा. एखाद्याला चित्र दाखवून "हे काय आहे?" विचारलं, तर तोंडातून शब्दाचा पहिला आवाज यायला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. हेही नायमेखनमध्येच बारकाईने मोजलंय. चित्रातली वस्तू ओळखायला पहिले 175 वगैरे. साधारण 250पर्यंत डोक्यातल्या शब्दकोशातून शब्दाची निवड. मग त्या शब्दाचे आवाज गोळा करून अक्षरं जुळवणं, त्यात साडेचारशे उलटतात. उरलेला वेळ जीभ, ओठ, घसा यांना हुकूम द्यायला. एका शब्दाला एवढं. छोट्याशा वाक्याला दीड सेकंद लागू शकतो.

शब्दाची निवड आणि शब्दाचे आवाज ही दोन वेगळी कामं आहेत हे खरं वाटत नसेल तर स्वयंपाकघरातच या. आई घाईत असली की म्हणते, "अरे ती ही दे, ही... ती... सांडशी!" "सांडशी" हे आवाज अजून सापडलेले नाहीत, पण ती "ही" आहे, "हा" किंवा "हे" नाही, एवढं मेंदूला आधीच कळलेलं आहे. तवा हवा असता तर "तो हा दे" म्हणाली असती. शब्द ओठावर आहे आणि येत नाही अशा वेळी माणसाला त्याचं लिंग मात्र सांगता येतं, हे 1997मध्ये इटालियन भाषकांवर प्रयोग करून दाखवलं गेलं. मराठीत तर आपण "हा-ही-हे" करत दिवसातून चार वेळा ते दाखवत असतो.

तर हिशोब असा: एक शब्द बोलायच्या तयारीला 600, आणि गप्पांमधली फट 200. समोरचा थांबला की मग आपण विचार करायला लागतो असं असतं, तर प्रत्येक उत्तराआधी अर्धा-एक सेकंद शांतता पसरली असती. तशी ती पसरत नाही. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. आणि ते वेळेवर वाढायचं तर समोरचा कधी थांबणार याचाही अंदाज हवा. ऐकता ऐकता अंदाज बांधायचा आणि ऐकता ऐकताच बोलायची तयारी करायची, अशी दोन कामं एकदम.

आधी अंदाजाचं बघू. 1980मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना वाक्यं वाचायला दिली, एकेक शब्द करून. "त्याने गरम पावाला मोजे फासले" अशा धर्तीचं एक वाक्य त्यात होतं. "मोजे" पडद्यावर आल्यानंतर सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत खळगा-उंचवटा असा ठळक बदल दिसला. लोणी असतं तर तो दिसला नसता. ऐकतानाही हेच होतं. पुढे साधारण काय येणार याची मेंदू मांडामांड करत असतो. भलतंच आलं की दचकतो आणि अपेक्षित आलं की कष्ट वाचतात.

वाक्य कधी संपणार हे कशावरून कळतं, आवाज खाली येतो म्हणून? मलाही असंच वाटायचं. डच संभाषणांवर 2006मध्ये एक छान प्रयोग झाला. लोकांना तुकडे ऐकवायचे आणि बोलणाऱ्याची पाळी संपेल असं वाटेल त्या क्षणी बटण दाबायला लावायचं. मग त्याच तुकड्यांतला आवाजाचा चढउतार काढून टाकून सपाट आवाजात ऐकवलं. अंदाज तितकाच अचूक. उलट चढउतार ठेवून शब्द ओळखू येणार नाहीत असे केले, तेव्हा मात्र गडबडले. म्हणजे शेवटाची चाहूल मुख्यतः शब्दांतून आणि वाक्याच्या बांधणीतून लागते. सूर मदतीला असतो, शेवटचं अक्षर थोडं लांबतं, पण मुख्य भार शब्दांवर.

मराठीसाठी हे जरा जास्तच मजेशीर आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी आणि "नाही" त्याच्याही मागे. "मी उद्या तिच्याकडे जेवायला जाणार" इथपर्यंत ऐकून "आहे" की "नाही" हे कळायचा मार्ग नाही. तरी आपण अडत नाही, कारण भाषा आधीच खुणा पेरून ठेवते. "मी काही उद्या तिच्याकडे..." एवढं कानावर पडलं की संपलं! त्या "काही"ने "नाही" कबूल करून टाकलेलं असतं. "जर" ऐकला की "तर" येईपर्यंत आपण पाळी घेत नाही, मध्ये बोलणारा कितीही मोठा श्वास घेवो. आणि क्रियापदानंतरही आपण शेपूट लावतो: "कुठे होतास रे तू काल?" प्रश्न "होतास"वरच पुरा झालेला असतो, "रे तू काल" हे वरचं. समोरचा "ऑफिसात" म्हणून सुरू होतो आणि तुमचं शेपूट त्याच्याखाली येतं. याला कुणी मध्ये बोलणं म्हणत नाही. सॅक्स मंडळींनीही इंग्रजी संभाषणांत हीच जागा पकडली होती: वाक्य पुरं झाल्यावर कुणी "सर" वगैरे जोडलं की तिथे दोघांची टक्कर व्हायची. माझ्या दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधल्या बऱ्याचशा टकरा अशाच शेपटांवर झालेल्या होत्या. बाबांना ज्याचा गोंगाट वाटतो, त्यातला बराचसा भाग हा.

आता दुसरं काम, उत्तराची तयारी. ती नेमकी कधी सुरू होते? 2015मध्ये नायमेखनच्याच सारा ब्योगेल्स यांनी लोकांना प्रश्नमंजुषेत बसवलं, डोक्यावर मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारी ईईजीची टोपी. प्रत्येक प्रश्नाची दोन रूपं. एकात उत्तराची किल्ली मध्येच मिळते: कोणतं पात्र, ज्याला 007 असंही म्हणतात, ते गाजलेल्या सिनेमांत दिसतं? दुसऱ्यात तोच 007 अगदी शेवटच्या शब्दाला. किल्ली मिळाल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत बोलण्याच्या तयारीच्या खुणा दिसायला लागल्या, प्रश्न अजून चालू असला तरी.

सगळ्यांना हे मान्य नाही, आणि ते बरंच आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना पाळीपाळीने बोलत असताना बोटांनी ठरावीक क्रमाने टकटक करत राहायला सांगितलं. टकटक बिघडली की समजायचं, मेंदूवर ताण आला. ती बिघडली समोरच्याचं वाक्य संपायच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी. म्हणजे तयारी उशिरा सुरू होते? माझा अंदाज असा, की काय बोलायचं हे लवकर ठरत असावं आणि ते शब्दांत बसवायचं अवघड काम शेवटी रेटलं जात असावं. पण हा माझा अंदाज, प्रयोग नव्हे.

हे सगळं मेंदूत घडतं कुठे? शाळेतलं उत्तर दीडशे वर्षं जुनं आहे. 1861मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. तो तिथे 21 वर्षं होता. त्याला बोललेलं कळायचं, पण काहीही विचारलं तरी तोंडून एकच आवाज यायचा: "तां, तां". एप्रिलमध्ये तो वारला, आणि सर्जन पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या कपाळाकडच्या भागात इजा सापडली. 1874मध्ये 26 वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण दाखवले: घडाघडा बोलणारे, पण बोलण्यात अर्थ नाही आणि दुसऱ्याचं बोलणं समजत नाही. त्यांच्यात इजा कानाकडच्या भागात. झालं, नकाशा तयार: इथे बोलणं, तिथे ऐकणं, मध्ये एक वायर.

नकाशा अगदी खोटा नाही, पण शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाइतकाच खरा आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवावे लागतात, अशा रुग्णांनी संशोधकांना फार मदत केली आहे. त्यातून 2015मध्ये कळलं, की शब्द प्रत्यक्ष उच्चारला जात असताना ब्रोकांचा तो प्रसिद्ध भाग चक्क शांत झालेला असतो. त्याची लगबग उच्चाराच्या आधी. तोंड हलवायचं काम पुढे दुसऱ्या पट्ट्याकडे जातं. मग 2022मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने अशाच रुग्णांना मघासारखे किल्लीवाले प्रश्न विचारले. ऐकताना जागणारे भाग वेगळे, बोलताना जागणारे वेगळे, आणि तिसरे असे, की जे फक्त किल्ली मिळाल्यापासून तोंड उघडेपर्यंत जागे. हे तिसरे मुख्यतः ब्रोकांच्या भागात आणि त्याच्या थोडं वर. साध्या अवांतर गप्पांतही तेच भाग तसेच जागे झाले. मावशीच्या "परत पाठवला?"चं स्वयंपाकघर हेच असणार.

ऐकणं आणि तयारी एकत्र चालवण्याची किंमतही मोजावी लागते. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे गोलात बसतात आणि "एकेकाने ओळख करून द्या" असं होतं. तुमच्या अगदी आधीच्या माणसाने काय नाव सांगितलं? आठवत नाही ना? 1973मध्ये माल्कम ब्रेनर यांनी हेच दाखवलं: आपली पाळी येण्याच्या लगेच आधी जे बोललं गेलं, ते सगळ्यांत कमी लक्षात राहतं.

स्वतःचं बोलणं ऐकणं हा आणखी एक उपद्व्याप. आपलाच आवाज आपल्याच कानात एवढा मोठा शिरतो, तरी दचकायला होत नाही, कारण जिभेला हुकूम सुटतो तेव्हाच त्याची एक नक्कल ऐकण्याच्या केंद्राकडे जाते: "हा येतोय तो आपलाच, सोडून दे." त्या केंद्राचा प्रतिसाद तेवढ्यापुरता मंदावतो. ही व्यवस्था वेळेवर चालते. आवाज उशिरा परत आला की ती कोलमडते. फोनवर कधी स्वतःचाच आवाज किंचित मागून ऐकू येतो आणि आपण अडखळायला लागतो, जीभ जड होते. 1950च्या सुमारास बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने मुद्दाम हा उशीर करून चांगल्या बोलणाऱ्यांना तोतरं करून दाखवलं होतं. सुमारे 200 मिलिसेकंदांच्या आसपासचा उशीर सगळ्यांत जाचक. पुन्हा तोच आकडा, पण याचा गप्पांतल्या फटीशी थेट संबंध लावायचा मोह मी आवरतो.

ऐकणारा मात्र नुसता तयारी करत बसलेला नसतो. तो सारखा काहीतरी देत असतो: हं, अच्छा, हो का, मग, अरे देवा. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. हुंकार थांबला की "झोपलास का रे?" कॅनडातल्या जॅनेट बॅव्हेलास यांनी 2000मध्ये हे तपासलं. एकाने आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप सांगून ठेवलं होतं की त्याच्या बोलण्यात "टी"ने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजा. हे लोक कान देऊन ऐकत होते, पण योग्य जागी "बापरे" म्हणत नव्हते. परिणाम काय, तर सांगणाऱ्याची गोष्टच बिघडली. शेवट फुसका व्हायला लागला, लोक तोच शेवट परत परत सांगायला लागले, "म्हणजे तसं काही मोठं नव्हतं" अशी सारवासारव करायला लागले. मावशीचं "अगंबाई" काढून टाकलं, तर डब्याची गोष्ट आईला सांगता येणार नाही.

फट इतकी ठरलेली असल्यामुळे ती जरा वाढली तरी अर्थ निघतो. "शनिवारी येशील ना?" यावर लगेच "हो" आलं तर हो. पण सेकंदभर काहीच आलं नाही, तर ते "नाही" आहे हे "बघतो, जमलं तर" ऐकण्याआधीच कळलेलं असतं. इंग्रजी संभाषणांतही साधारण 700 मिलिसेकंदांच्या पुढे नकाराचं पारडं जड होत जातं.

आणि म्हणून परदेशातल्या व्हिडिओ कॉलवर घोटाळा होतो. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीशी आईचं पटत नाही असं नाही, पण कॉल झाल्यावर आई म्हणते, "हल्ली तुटक बोलते." हिशोब करू. समजा आवाज एका दिशेने पोचायला 300 मिलिसेकंद लागतायत. आईचा प्रश्न तिकडे पोचायला 300, बहिणीने झटपट 200मध्ये उत्तर दिलं, ते इकडे यायला 300. आईच्या कानाला शांतता ऐकू आली 800 मिलिसेकंदांची. बिचारीने वेळेत उत्तर दिलं आणि इकडे ते अनिच्छेसारखं वाजलं. टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवा असं म्हटलंय ते उगाच नाही. जर्मनीत 2014मध्ये झालेल्या प्रयोगातही हेच निघालं: लाइनचा उशीर लोक लाइनच्या नव्हे, माणसाच्या नावावर मांडतात. समोरच्याचं लक्ष नाही असं त्यांना वाटतं. आईला मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवला. "असेल," ती म्हणाली, "पण फोन तरी करावा तिने आपणहून." हा मुद्दा मिलिसेकंदांत बसत नाही.

गप्पा थांबवणं मात्र सगळ्यांत अवघड. पाळीचं यंत्र आपोआप पुढे ढकलत राहतं, ते दोघांनी मिळून बंद करावं लागतं. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी 1973मध्ये फक्त याच गोष्टीवर एक अख्खा निबंध लिहिला: टेलिफोन संपतो कसा. एकाने नवीन काही न सांगता नुसतं "बरं मग" म्हणायचं, दुसऱ्यानेही पाळी फुकट घालवून "हं, बरं" म्हणायचं, आणि मग निरोप. मात्र त्या "बरं मग" आणि "हं" यांच्यामध्ये एक दार किलकिलं ठेवलेलं असतं, राहिलेलं काही असेल तर सांगायला. रेकॉर्डिंगच्या शेवटाला पोचलो तेव्हा मेथी निवडून झाली होती.

"चल मग ताई, ठेवते."
"हं, ठेव."
"ठेवते हं."
"हो. अगं, आणि त्या डब्याची..."
"पिशवी राहिली ना तिच्याकडेच?"